झाडीचा नकाशा

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत मंडयांचे दिवस सुरू होतात. बलिप्रतिपदेला गोवारी बांधव गायी सजवून गायगोधन करतात, ढाली नाचवतात, आणि मग गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार, नाटक. दिवसा लाह्या-बत्ताशे आणि पाव्हण्यांची वर्दळ. हलके धान तोवर कापणीला आलेले असते, भारी धान अजून बांध्यांत उभे असते. आणि याच दिवसांत, माणसांच्या पाव्हण्यांबरोबर, आणखीही काही पाहुणे येतात. त्यांना कोणी आवतण धाडलेले नसते. तलावांच्या पाण्यावर पहाटे धुके असते, त्या धुक्यात तलवार बदकांचे थवे उतरतात. लांब टोकदार शेपटीची ही बदके उन्हाळा काढतात तो पार उत्तरेकडे; त्यांतली काही तर ध्रुवाजवळच्या त्या वृक्षहीन मुलखात, जेथे जमीन वर्षातले बरेच महिने गोठलेली असते. तेथून निघून ती आमच्या गोंदियाच्या तलावांवर हिवाळा घालवायला येतात.

अशाच दिवसांत एकदा वर्गात मी जिल्ह्याचा नकाशा काढायला सांगितला होता. मुलांनी नेहमीप्रमाणे रंग भरले. जंगल हिरवे, तलाव निळे, शेती पिवळी. एक मुलगी वही घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "गुरुजी, सारस कोणत्या रंगात दाखवू?"

मी सहज म्हणालो, "अगं, पक्षी आहे तो, रानातच असेल. हिरव्यात दाखव."

तिने मान हलवली. "नाही गुरुजी, आमच्या बाबांच्या बांधीत येतो तो. आणि घरटं बोडीत करतो."

म्हणजे निम्मा पिवळ्यात आणि निम्मा निळ्यात. हिरव्यात मुळीच नाही. मी तिला काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. बहुधा काही तरी सांगून वेळ मारून नेली असेल. परंतु तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. आपल्या मुलखाचे नकाशे कोणी, केव्हा आणि कशासाठी काढले, आणि त्या नकाशांत कोण बसले व कोण सुटले, याचा शोध घेत गेलो. त्यातून हाती आले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

* * *

खरे पाहता पहिला नकाशा कागदावर नव्हताच, तो लोकांच्या बोलण्यात होता. विदर्भाचे दोन भाग लोकांनी फार पूर्वीच पाडून ठेवले आहेत. पश्चिमेचा तो वऱ्हाड आणि पूर्वेची ती झाडी. जुन्या महानुभाव वाङ्मयातही आमच्या मुलखाला 'झाडी' म्हटलेले आढळते. वऱ्हाडात काळी कसदार जमीन, कापूस आणि ज्वारी. झाडीत भात, तलाव आणि रान. ही विभागणी कोणा राजाने केलेली नाही. राज्ये आली नि गेली. देवगडचे गोंड आले, चांद्याचे आले, नागपूरकर भोसले आले, इंग्रज आले. तरी झाडी ती झाडीच राहिली. माती, पाऊस आणि पीक या तीन गोष्टींनी जी सीमा आखली, ती तलवारीने पुसली गेली नाही.

झाडीच्या आतही शेतकऱ्याचा नकाशा मोठा बारकाईचा. कन्हार म्हणजे काळी चिकण जमीन, मोरंड तिच्या खालोखाल, मग पिवळसर सिहार, मग खरडी, आणि शेवटी मुरमाड बरडी. कोणत्या मातीत कोणते धान, कोठे जवस-लाखोळी, कोठे नुसते गवत, हे आमच्याकडील म्हातारा माणूस डोळे मिटून सांगेल. मौज अशी, की सरकारी बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांनी जमिनीची प्रतवारी करताना हीच गावठी नावे जशीच्या तशी उचलली. शास्त्राला शब्द नव्हते. ते शेतकऱ्याने दिले.

आणि या नकाशात निळा रंग भरला तो कोहळ्यांनी. चांद्याच्या गोंड राजांनी काशीकडून कोहळी लोक आणविले, रान तोडून जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन दिली, अशी परंपरा सांगतात. परंपरेतील खरेखोटे बाजूला ठेवले तरी तलाव डोळ्यांपुढे आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या भागांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव मोजले गेले आहेत. त्यांतला आमचा मुकुटमणी नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने हा तलाव बांधला. डोंगरांच्या मधली तोंडे पाळ घालून अडवली आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरांचे पाणी उभे केले. तलावाभोवतीच्या डोंगरांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. या सात बहिणींनी कोलू पाटलाला पाळ बांधायला मदत केली, अशी आख्यायिका आहे. आणि कोलू पाटील स्वतः कोलासूर देव होऊन तेथे बसला आहे.

या आख्यायिकेकडे मी दंतकथा म्हणून पाहत नाही. डोंगराने पाणी दिले नाही तर तलाव भरत नाही, आणि डोंगरावर झाड नसेल तर पाण्याबरोबर गाळ येऊन तलाव बुजतो. डोंगर, रान, तलाव आणि बांधी ही एकाच घरातली भावंडे आहेत, हे कोलू पाटलाला ठाऊक होते. त्याच्या नकाशात हिरवा, निळा आणि पिवळा असे तीन निरनिराळे रंग नव्हतेच. वरून खाली वाहणारा एकच रंग होता.

* * *

मग कागदी नकाशा आला. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्यप्रांत बनविला. त्या सुमारास वनखातेही उभे राहिले आणि त्याच दशकात जमिनीचे बंदोबस्त झाले. मालगुजार हा गावाचा मालक ठरला. गावातली जमीन, तलाव, झुडपी रान ही त्याच्या नावे लागली. मोठी दाट राने सरकारने आपल्याकडे घेतली. आणि काही भाग जमीनदारांकडे राहिला. १८७८ च्या वन-कायद्याने राखीव आणि संरक्षित अशी राने वेगळी काढण्याची रीत घालून दिली. या नकाशाला एकच प्रश्न विचारायचा होता: येथून सरकारला काय मिळेल? शेतातून सारा, रानातून लाकूड. आगगाडीचे रूळ देशभर पसरत चालले होते आणि रुळांखाली घालायला स्लीपर हवे होते. म्हणून साग महत्त्वाचा ठरला, साल महत्त्वाचा ठरला. मोह, चार, टेंभरू यांच्यावर ज्यांचे पोट होते त्यांचा प्रश्न त्या नकाशात कोठेच नव्हता.

तरीही त्याच काळात एक माणूस असा निघाला, की ज्याने निराळा प्रश्न विचारला. कॅप्टन जेम्स फोरसिथ हा मध्यप्रांताच्या वनखात्यातला तरुण अधिकारी. सातपुड्याच्या डोंगरांतून तो वर्षानुवर्षे हिंडला आणि त्याचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक १८७१ मध्ये निघाले. शिकारी माणूस, तेव्हा पुस्तकात शिकारीच्या कथा पुष्कळ. परंतु त्यात एक निरीक्षण असे आहे, की त्यासाठी मी त्याच्या सगळ्या शिकारी माफ करावयास तयार आहे.

फोरसिथने पाहिले की पश्चिमेकडे सागाचे रान आहे आणि पूर्वेकडे मंडला-बालाघाटाच्या बाजूस सालाचे. दोहोंच्या मध्ये एक सीमा आहे. आणि ती केवळ झाडांची सीमा नव्हे. सालाच्या रानात बारशिंगा राहतो, तांबडा रानकोंबडा राहतो; साल संपला की तेही संपतात आणि पुढे करडा रानकोंबडा लागतो. इतकेच असते तर एखाद्याने योगायोग म्हटला असता. परंतु पुढे पचमढीच्या पायथ्याशी, देनवा नदीच्या खोऱ्यात, सालाच्या मुख्य रानापासून दूर तुटलेला असा सालाचाच एक तुकडा त्याला आढळला. आणि त्या एकाकी तुकड्यात बारशिंगाही होता आणि तांबडा कोंबडाही होता! भोवती सगळा सागाचा समुद्र, मध्ये हे बेट, आणि बेटावर सालाच्या देशातले रहिवासी.

आज ज्याला शास्त्रज्ञ परिस्थितिकीय प्रदेश म्हणतात, त्याचे मर्म हेच. प्रदेश म्हणजे नुसती जागा नव्हे. प्रदेश म्हणजे एकमेकांना धरून राहणाऱ्या जीवांचे बिऱ्हाड. झाड हलले की कोंबडा हलतो. अशी बिऱ्हाडे ओळखावी, त्यांच्या सीमा कागदावर उतरवाव्या, आणि प्रत्येक प्रकारचे एक तरी बिऱ्हाड शाबूत राहील असे पाहावे, हा पुढल्या शंभर-दीडशे वर्षांचा उद्योग आहे.

* * *

त्या उद्योगाचे टप्पे थोडक्यात सांगतो. भूगर्भखात्यात आयुष्य घालविलेल्या ब्लॅनफर्डने १९०१ साली हिंदुस्थान, सिलोन आणि ब्रह्मदेशातील पृष्ठवंशीय प्राण्यांची वाटणी अभ्यासून या देशाचे प्राणिप्रदेश पाडले. हॅरी चँपियन या वनाधिकाऱ्याने १९३६ मध्ये हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील रानांचे प्रकार ठरविले. १९६८ मध्ये सेठ यांच्यासह त्याने ते काम नव्याने करून भारतातील रानांचे १६ मुख्य गट मांडले. आमची राने त्यात मुख्यतः उष्ण कटिबंधातील शुष्क पानझडीच्या गटात बसतात: उन्हाळ्यात निष्पर्ण होणारी, साग, ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह यांची राने.

याच वेळी आमच्याकडे दोन माणसांची गाठ पडली, तिचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा व्हायचा नाही. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार हे कोहळी घराण्यातले, रानावनाची आणि पाखरांची पिढीजात जाण असलेले गृहस्थ. आणि मारुती चितमपल्ली हे वनखात्यातले अधिकारी. एकाजवळ मुलखाचे शब्द, दुसऱ्याजवळ शास्त्राची शिस्त. चितमपल्लींनी पुढे मराठीत जे अरण्यवाङ्मय लिहिले, 'नवेगावबांधचे दिवस' लिहिले, त्यात पक्ष्यांची, झाडांची गावठी नावे मानाने बसली. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०२५ मध्ये, आणि त्याच वर्षी ते गेले. बंदोबस्तवाल्या अधिकाऱ्यांनी जमिनीची नावे शेतकऱ्याकडून घेतली होती ती सारा ठरविण्यासाठी. येथे नावे घेतली गेली ती प्रेमापोटी. दोहोंतला फरक लहान नाही.

१९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झाले. १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतर्फे रॉजर्स आणि पनवार यांनी १९८८ मध्ये साऱ्या भारताचा जीवभौगोलिक नकाशा मांडला. देशाचे १० विभाग त्यांनी पाडले: हिमालयापलीकडचा थंड प्रदेश, हिमालय, वाळवंट, पश्चिम घाट, दख्खन, किनारे, बेटे वगैरे. यांपैकी प्रत्येकात किती अभयारण्ये आहेत, किती हवीत, कोणता विभाग उपेक्षित राहिला आहे, याचा हिशेब त्यांनी केला. तोवर अभयारण्ये बहुधा जेथे राजेरजवाड्यांची शिकारीची राने होती, किंवा जेथे कोणी चिकाटीने मागणी केली, तेथे होत असत. देश पुढे ठेवून, विभागवार विचार करून जागा निवडाव्या, ही दृष्टी या कामाने दिली.

पुढे २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. महाराष्ट्रातला पाचवा. नागझिरा, नवीन नागझिरा, नवेगावचे उद्यान आणि अभयारण्य, शिवाय भंडाऱ्याकडील कोका, असे पाच तुकडे एकत्र धरून सुमारे साडेसहाशे चौरस किलोमीटरांचा गाभा ठरला. तुकडे म्हणालो ते जाणूनबुजून. नकाशावर पाहिले तर नागझिरा वर आहे, नवेगाव खाली आहे, आणि मधून मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग गेला आहे. वाघाला एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचे तर शेते, गावे, रस्ते ओलांडावे लागतात. पूर्वी हीच वाट कान्हा-पेंचपासून ताडोब्यापर्यंत जात असे. २०२३ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, कारण ताडोब्याकडे वाघ दाटीने राहतात आणि येथे रान असून वाघ थोडे. जी वाट वाघीण पूर्वी पायी चालून आली असती, ती तिला पिंजऱ्यात बसून गाडीने यावी लागली. हिरवा रंग होता. पण हिरव्या-हिरव्याला जोडणारी वाट पिवळ्यातून जात होती, आणि पिवळ्याचा विचार त्या नकाशात थोडाच झाला होता.

* * *

येथे क्षणभर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन येऊ. पाहुणी बदके उत्तर ध्रुवाकडची. आपण दक्षिण ध्रुवाकडे जाऊ.

अंटार्क्टिका हा सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरांचा खंड. तेथे शेतकरी नाही, मालगुजार नाही, गाव नाही. तरी त्याचाही पहिला नकाशा मालकीचाच झाला! सात देशांनी तेथे हक्क सांगितले आणि बहुतेकांनी ध्रुवापर्यंत सरळ रेषा ओढून पोळीच्या फाका कापाव्या तसे खंड कापले. तिघांच्या फाका तर एकमेकांवर पडल्या. १९५६ मध्ये अंटार्क्टिकाचा प्रश्न राष्ट्रसंघापुढे यावा अशी मागणी भारताने केली होती. शेवटी १ डिसेंबर १९५९ रोजी १२ राष्ट्रांनी करार करून ते दावे गोठवून ठेवले आणि तो खंड शांततेसाठी व शास्त्रासाठी मोकळा ठेवला. भारत या करारात आला तो १९८३ मध्ये.

आपली पहिली मोहीम गोव्याहून निघाली १९८१ च्या डिसेंबरात, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली. तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ मध्ये, दोन भारतीय स्त्रिया प्रथमच त्या हिमभूमीवर उतरल्या: सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत. अदितीबाई औंधच्या पंत प्रतिनिधींच्या घराण्यातल्या, आप्पासाहेब पंतांच्या कन्या, आणि जन्म आपल्या नागपूरचा. समुद्रशास्त्र हा त्यांचा विषय. वैदर्भीयांनी अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे, पण आमच्या मुलांना ती सहसा ठाऊक नसते.

आता त्या खंडाचा नवा नकाशा पाहा. १९९१ मध्ये माद्रिद येथे झालेल्या पर्यावरणविषयक ठरावाने असे सांगितले, की संरक्षित जागा निवडायच्या त्या एखाद्या शास्त्रशुद्ध, भौगोलिक चौकटीत बसवून निवडाव्या. म्हणजे रॉजर्स-पनवारांनी येथे जो विचार केला, तोच तेथे. प्रथम २००७ मध्ये हवामान, उतार, बर्फ, खडक यांवरून न्यूझीलंडच्या अभ्यासकांनी तेथील भूमीचे २१ प्रकार पाडले. परंतु त्यात जीव मोजले नव्हते. मग टेरॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दगडफूल, शेवाळ, कोळीवर्गातले सूक्ष्म प्राणी आणि बारीक कीटक यांच्या हजारो नोंदी एकत्र करून १५ जीवप्रदेश ठरविले. पुढे ते १६ झाले. अंटार्क्टिक कराराच्या राष्ट्रांनी ही चौकट मान्य केली.

वाचक म्हणतील, बर्फाच्या त्या वाळवंटात प्रदेश ते कसले? तर खंडाचा शेकडा अर्धाही भाग बर्फावाचून उघडा नाही. आणि जे उघडे आहे तेथेच जमिनीवरचे जीवन आहे. फुलणाऱ्या वनस्पती सबंध खंडात अवघ्या दोन. सर्वात मोठा कायमचा भूचर प्राणी म्हणजे काही मिलिमीटर लांबीचा एक बिनपंखी डास. तरीही त्या उघड्या तुकड्यांत मोठा भेद आहे. द्वीपकल्पाच्या बुडाशी एक अदृश्य रेषा आहे. ग्रेसिट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाचे नाव २००७ मध्ये तिला दिले गेले. तिच्या अलीकडे आणि पलीकडे उड्या मारणाऱ्या बारीक किड्यांच्या जवळजवळ एकही जात समान नाही. फोरसिथने देनवेच्या खोऱ्यात जे पाहिले, तेच हे. तेथे बेट सालाचे होते. येथे बेट उघड्या खडकाचे आहे.

आणि या नकाशाचा उपयोग नुसता भिंतीवर टांगण्यापुरता नाही. एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाताना तेथील लोकांनी बुटांची माती झाडून, कपडे व सामान तपासून जावे, असा आग्रह धरला जातो. कारण अंटार्क्टिकाच्याच एका कोपऱ्यातला किडा दुसऱ्या कोपऱ्यात परका ठरतो. आपले मैत्री हे ठाणे ज्या शिरमाखर टेकड्यांत आहे ती एक उघडी जागा. भारती ठाणे लार्समन टेकड्यांत, ती दुसऱ्या प्रदेशातली. लार्समन टेकड्यांची देखरेख भारत इतर राष्ट्रांसह मिळून करतो. एका टेकडीवर चार झेंडे, पण काळजीचा नकाशा एक.

उत्तर ध्रुवाकडेही २००३ मध्ये असाच नकाशा झाला. त्या वृक्षहीन प्रदेशातील देशांच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकत्र बसून, देशांच्या सीमा बाजूला ठेवून, सुमारे ७० लाख चौरस किलोमीटरांचा एक वनस्पतींचा नकाशा काढला. उष्णतेप्रमाणे पाच पट्टे पाडले. आमच्या तलवार बदकांपैकी काहींचे माहेर त्याच मुलखात. म्हणजे त्यांच्या उन्हाळ्याच्या घराचा नकाशा तयार आहे. प्रश्न आहे तो त्यांच्या हिवाळ्याच्या घराचा.

* * *

आणि तो प्रश्न आम्हाला परत त्या मुलीच्या वहीकडे आणतो.

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वात उंच. उभा राहिला म्हणजे पुरुषभर उंच दिसतो. राखाडी अंग, तांबडे डोके. पावसाळ्यात उथळ पाण्यात काडीकचऱ्याचे मोठे घरटे घालून बहुधा दोन अंडी घालतो. जोडी आयुष्यभराची, अशी त्याची ख्याती. महाराष्ट्रात तो आता उरला आहे तो मुख्यतः आमच्या गोंदियात, भंडारा-चंद्रपुरात तुरळक. परसवाडा, झिलमिली असे तलाव आणि वैनगंगा-बाघ यांच्या काठची भातशेती ही त्याची जागा. नदीपलीकडे बालाघाटातही तो आहे. दर वर्षी उन्हाळ्यात गणना होते. तीत वनखात्याचे लोक असतात, पक्षिमित्र असतात, शेतकरी असतात. आकडा काही वर्षे चाळिशीच्या आतबाहेर होता, आणि अलीकडे त्याहूनही खाली आला आहे. एवढ्या मोठ्या राज्यात, एवढे थोडे!

हा पक्षी कोणत्या नकाशात आहे? व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात त्याचे घर नाही. तो वाघाच्या रानातला नव्हेच. तलाव एका खात्याचे, बांधी शेतकऱ्याची, बांधीवरून गेलेल्या विजेच्या तारा तिसऱ्याच्या, नदीची वाळू चौथ्याच्या. तारांना लागून सारस मरतो, शेतातल्या विषारी औषधाने मरतो, बोडी बुजली किंवा बेशरमाच्या झुडपांनी भरली तर घरटे घालायला जागा उरत नाही. मृत्यू चार वाटांनी येतो, आणि प्रत्येक वाट वेगळ्या कागदावर आहे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वर्तमानपत्रातल्या बातमीवरून हा प्रश्न आपण होऊन हाती घेतला आणि मग जिल्हावार समित्या झाल्या. निरनिराळ्या खात्यांची माणसे प्रथमच एका मेजाभोवती बसली, ती एका पाखरामुळे. न्यायालयाने एका अर्थी नवा नकाशाच काढायला लावला.

परंतु मला राहून राहून वाटते, हा नकाशा आमच्यापाशी पूर्वी होताच. तो आम्ही हरवला. १९५० च्या कायद्याने मध्यप्रदेशातली मालगुजारी गेली. भंडारा जिल्हा तेव्हा त्या राज्यात होता. मालगुजाराचा जुलूम गेला, हे फार चांगले झाले. परंतु तलाव सरकारकडे गेले आणि पाळीवर माती टाकायला गाव एकत्र जमायचे, तेही पुष्कळ ठिकाणी थांबले. गाळ साचला. बांधीला पाणी कमी पडले तशा विहिरी आणि पंप आले. तलाव हा गावाचा होता, तो 'माजी मालगुजारी तलाव' झाला. लोक थोडक्यात मामा तलाव म्हणतात. नात्याने मामा, पण भाच्याला विचारपूस करायला फुरसत नाही!

तथापि सारेच निराशेचे नाही. आमच्याकडच्या काही गावांत ढिवर बांधवांनी आणि त्यांच्या बायकांनी तलावातले बेशरम उपटून काढले आहे, देवधानासारख्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. मासा परत आला, आणि माशामागोमाग पाखरू परत आले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली देवरीकडील अनेक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले, आणि तेंदूपत्ता, मोह यांच्याबरोबर रान राखण्याची जबाबदारीही त्यांनी उचलली. ज्यांना १८७८ च्या नकाशाने बाहेर काढले होते, ते २००६ च्या कायद्याने आत आले. आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधीत सारसाने घरटे घातले, त्याने तेवढा तुकडा कापणीपर्यंत न तुडवता राखला, अशी उदाहरणे आमच्या भागात आहेत. धानाच्या चार ओंब्या तो खातो खरा. पण घरी पाहुणा आला तर ताटातले चार घास कमी होतातच.

सारांश एवढाच, की सीमा आखणे वाईट नाही. सीमेवाचून राखण होत नाही. परंतु सीमा कोणाच्या जगण्यावरून आखली, हे पाहिले पाहिजे. साऱ्यावरून आखली तर शेत वाचते, रान जाते. लाकडावरून आखली तर साग राहतो, माणूस जातो. नुसत्या वाघावरून आखली तर सारस सुटतो. अंटार्क्टिकात झेंड्यांचा नकाशा बाजूला ठेवून शेवाळाचा आणि किड्याचा नकाशा काढता आला, कारण तेथे गाव नव्हते. आमचे काम अधिक अवघड आहे: येथे किडा, पाखरू, वाघ आणि माणूस, चौघांचे बिऱ्हाड एकाच वाड्यात आहे. पण कोलू पाटलालाही गाव होतेच, आणि तरीही त्याला डोंगरापासून बांधीपर्यंतचे पाणी एक दिसले होते.

त्या मुलीच्या प्रश्नाला मी पुढल्या वर्षी, दुसऱ्या वर्गात, उत्तर दिले. ती तोवर पुढच्या शाळेत गेली होती. मी मुलांना सांगितले, जिल्ह्याचा नकाशा काढताना आधी रंग भरू नका. आधी डोंगर काढा, मग त्यावरून उतरणारे पाणी काढा, पाण्याच्या वाटेवर तलाव काढा, तलावाखाली बांध्या काढा, आणि मग त्या साऱ्यांत कोण कोण राहते ते लिहा. वर्गातल्या एका मुलाने डोंगरावर अस्वल लिहिले, तलावात ढिवर लिहिला, बांधीत आपला बाप लिहिला, आणि बापाच्या शेजारी सारस लिहिला. रंग भरायला त्याला वेळ उरला नाही. मी त्या नकाशाला पैकीच्या पैकी गुण दिले.